पहिली सुई उस्तादांना

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एकदा सांगायला म्हणून बसलो होतो, पण तिनं चहा पुढे ठेवला आणि मी क्रिकेटवर बोलत राहिलो. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण मला धड सांगता येणार नाही.

अमरावतीत माझी जिम आहे. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि घरच्या शेतीवर शहरात राहणारी पोरं एकेक करून गळाली. उरली नोकरदार मंडळी, आणि त्यांना समोर तरणाबांड मालक लागतो. मी पंचेचाळिशीचा. उजवा खांदा कामातून गेलेला, पांढरे केस मेंदीत लपवलेले. म्हातारं दिसायची मला भीती वाटायची — हसा, पण वाटायची.

अकोल्याचा एक जण जिमचं सामान विकायचा. पेप्टाइडचं खूळ त्यानंच डोक्यात घातलं. प्रथिनांच्या लहान लहान साखळ्या, शरीर स्वतःही त्या बनवतं, इन्सुलिन त्यांतलंच एक. काही जखम भरून काढतात, काही वय थोपवतात, असं तो सांगे. पण इन्सुलिन डॉक्टर लिहून देतो. त्यानं मला दिलेल्या बाटलीवर तर बनवणाऱ्याचं नावही नव्हतं. गारव्यात ठेवायची ही बाटली त्यानं मे महिन्यात एसटीनं, साध्या पिशवीत घालून आणली. हातात घेतली तर कोमट. मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर स्वतःला टोचायला हात धजेना.

आणि मग मला हबीब उस्ताद आठवले.

उस्ताद बडनेऱ्याचे. त्यांच्याच आखाड्यात मी लहानाचा मोठा झालो. नवी माती टाकली की पोरांना आत सोडण्याआधी ते स्वतः तिच्यात उघड्या पाठीनं लोळायचे — काच, खडा असला तर आधी आपल्याला लागू दे म्हणून. आता सत्तरी उलटली होती, आखाडा बंद पडला होता, गुडघे गेले होते. विधवा मुलगी, शाहीन, शिवणकाम करून त्यांना सांभाळत होती. मी त्यांच्याकडे गेलो. कशासाठी, ते तुम्ही ओळखलं असेल. मी मात्र स्वतःला सांगत होतो की म्हाताऱ्याचे गुडघे बरे होतील.

"ताकतीचं इंजेक्शन आहे, डाक्टरनं देल्लं," मी म्हणालो. शाहीन शिवलेले कपडे द्यायला बाहेर जायची, तेवढीच वेळ मी साधायचो. उस्तादांनी सदरा वर केला.

"तू देऊन राह्यला त मंग मी काय पाहू बे?"

रोज टोचायचो आणि रोज त्यांना न्याहाळायचो. डोळे पिवळे दिसतात का? धाप लागते का? काही झालं नाही तर मग माझी पाळी. ते मला दुवा द्यायचे.

काही दिवसांनी पोटावर लाल गाठ आली. मी म्हटलं, शाहीनला सांगू नका, उगाच घोर लागेल तिला. मग ताप भरला, तो उतरेना, आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. शाहीन केसपेपर काढायला गेली होती. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि मला विचारलं, "यांना कुणी काही टोचलंय का? आत काय गेलंय ते कळलं तर उपचार ठरवता येतील."

बाटली जिमच्या फ्रिजमध्ये होती. लगेच जाऊन आणता आली असती. मी — मी उस्तादांची चादर सारखी करत बसलो.

उस्तादांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "पोट्ट्याले कावून विचारता साहेब? सुई-बिई काई नाई घेतली मी."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. पण जिमला टाळं लागेल, पोलीस येतील, एवढंच डोक्यात होतं. दोन-तीन दिवसांत ते गेले. खरं बोललो असतो तर वाचले असते का? माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मी जिममध्ये गेलो आणि बाटली मोरीत ओतली. पश्चात्तापानं? नाही हो. ते औषध वाईट आहे अशी आता खात्री झाली होती. ज्यासाठी उस्तादांना टोचलं, ते काम झालं होतं. मी धडधाकट आहे. हे सांगताना मला माझी किळस येते.

जिममध्ये कुणी पोट किती कमी झालं ते दाखवायला शर्ट वर करतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

ईदला मी बडनेऱ्याला जातो. शाहीन दर वेळी तेच बोलते — "भाऊ, गाठ मलेच दिसली नाई. एका घरात राहून मले दिसली नाई." मी म्हणतो, "वय झालं होतं त्याईचं." तिला ते पटत नाही. ती पुन्हा स्वतःलाच बोल लावते, आणि मी लावू देतो.