शून्य नंबरचा डबा

प्रेमिलाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. खापरखेड्याकडच्या साइडिंगवर मालगाडी लागली की डब्यांवर चढायचं, वरचा थर बाजूला सारायचा, खालचा कोळसा तपासणीचा नमुना म्हणून गोणीत भरायचा आणि चिठ्ठी बांधून लॅबला द्यायचा. वरवर खरडणाऱ्याच्या हातात फावड्याऐवजी कंगवा द्या, असं ती म्हणायची.

कोणत्या डब्यांतून भरायचं, ते त्या सोमवारपासून तिच्या मुलीचा, दीक्षाचा, प्रोग्राम ठरवणार होता. दीक्षा साइडिंगच्या ऑफिसात उमेदवारीवर होती. प्रोग्राम चालला तर नोकरी, नाही तर घर.

पहिल्याच दिवशी गाडी आली नाही. तरी मुकादम देवरावच्या मोबाइलवर मेसेज आला: डबा एक, डबा शून्य.

"प्रेमिलाबाई, दोन गोण्या आणा."

"कायच्यातून? रूळ तं रिकामे पडून राहिले ना भाऊ."

"कम्प्युटर म्हणते म्हणजे असन. खाली सांडलेला भरा. तुमच्याच पोरीचं काम हाय, कोणाले समजते?"

खरंच समजलं नसतं. दीक्षाची चूक दोन गोण्यांत झाकली गेली असती. प्रेमिला फावडं घेऊन रुळांपर्यंत गेली. तिथे एक कुत्रा झोपला होता; त्याच्यावर चढण्यात अर्थ नव्हता. न चढलेल्या डब्याची गोणी तिने आजवर दिली नव्हती. रिकाम्या गोण्यांनाच चिठ्ठ्या बांधून तिने त्या ऑफिसात दीक्षाच्या वरिष्ठांच्या, सौरवसाहेबांच्या, टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"एक नंबर अन् शून्य नंबर. हवा हाय. दाबून भरली."

साहेबांनी दीक्षाकडे पाहिलं. "आता प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर तपासून आणा. शनिवारपर्यंत. नाही तर येऊ नका."

बाहेर येताच दीक्षा भडकली. "दोन फावडे टाकले असते तं काय बिघडलं असतं वं तुह्यं?"

"उद्या तुहा प्रोग्राम मले विजेच्या खांबावर चढवन. तिथूनही आणू?"

दीक्षाने मोबाइलवर आपलं लिखाण उघडलं. 'एक ते डब्यांची संख्या' असं तिने लिहिलं होतं. प्रोग्रामच्या या भाषेत मोजणी एकापासून. पण संख्याच शून्य निघाली की ती गुमान बसत नाही. एकावरून उलटी शून्यावर येते.

"मले वाटलं, काहीच नसलं तं थांबन."

"मुकादम हाय तो. बसू देते का कोणाले?"

दीक्षाने ओळ बदलली: यादीत जितके डबे तितक्याच फेऱ्या, यादी रिकामी तर फेरीच नाही.

शुक्रवारी दोघी सीताबर्डीवर जुन्या लॅपटॉपच्या दुकानात गेल्या. दीक्षाने तिथल्याच एका लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला आणि गाडी आली नाही असं त्याला सांगितलं. पडद्यावर काहीच आलं नाही.

दुकानदार घाबरला. "अटकला काय?"

"नाही गा," प्रेमिला म्हणाली, "सुट्टीवर हाय," आणि पदराच्या गाठीतून त्या महिन्याची मजुरी काढून तिने लॅपटॉप उचलला.