शेकोटीच्या चौकटीतला गणपती

ती केस आठवली की आजही मला आधी हसू येतं. तेव्हा मी भिवंडीत ठाणे अंमलदार होतो आणि राहनाळची गोदामं आमच्या हद्दीत. कापड, औषधं, टीव्ही, काय वाटेल ते चोरीला जायचं. पण शेकोटीची चौकट गेल्याची फिर्याद मी पहिल्यांदाच घेत होतो.

फिर्यादी एक व्यापारी. विलायतेत खेड्यातली एक जुनी हवेली पाडली, तिथली नक्षीदार लाकडी फायरप्लेस त्याने आपल्या बंगल्यासाठी मागवलेली, ती गोदामातून नाहीशी झाली. त्याने हवेलीचे फोटो दाखवले. दगडी भिंती, उंच खिडक्या, छपरावर धुराड्यांची रांग, आणि दिवाणखान्यात ती चौकट. "साहेब, तिकडे अख्खी खोली शेकोटीभोवती बांधतात. खुर्च्यांची तोंडंही तिकडेच."

"भिवंडीच्या उकाड्यात शेकणार कोण?" मी म्हटलं. तो काही हसला नाही.

गोदामाच्या सुपरवायझरने वॉचमनकडे बोट दाखवलं. साठीला आलेला माणूस, चौकशीला आणला तर हात जोडून म्हणाला, "साहेब, पुढल्या आठवड्यात लेकीचा साखरपुडा हाय. माजं नाव लागलं तर सोयरीक मोडंल."

चोर सहसा दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुढे करतो. हा कुणाचंच नाव घेईना. मी अटक केली नाही.

गणपती बसले आणि माझ्या खबऱ्याचा, एका रिक्षावाल्याचा, फोन आला. "साहेब, दिघाशीला एका हमालाकडचं मखर बघून या. जुनं नक्षीचं लाकूड हाय, लई भारी!"

साध्या कपड्यांत गेलो. खांबांवर द्राक्षांचे वेल, वर सिंहाचं तोंड, मधे गणपती, आणि सगळं घर त्याच्याकडे तोंड करून बसलेलं. थेट फोटोतली खोली! घरधनिणीने हातावर मोदक ठेवला. तो संपवून मग हमालाला बाजूला घेतलं.

"चोरी? देवाशप्पत न्हाय! सुपरवायझर म्हनले, प्याकिंगचं लाकूड उचल. हे त्याच्यातच पडलं व्हतं. नेऊ का इचारलं, तर फोनवर बोलता बोलता म्हनले, ले जा. साहेब, वर सिंव्ह, बाजूला येल, मधी मोकली जागा. देवाबिगर कोन बसनार तिथं?"

सुपरवायझरला हमालासमोर बसवलं, तसं 'ले जा' आपणच म्हटल्याचं त्याने कबूल केलं. स्वतःची नोकरी वाचवायला गरिबाच्या डोक्यावर खापर फोडलं होतं लेकाने!

व्यापारी दिघाशीला आला, बूट काढले आणि गणपतीला हात जोडले. "विसर्जनापर्यंत राहू द्या," एवढंच म्हणाला. पंचनामा विसर्जनानंतर केला. गैरसमजातून घडलेला प्रकार म्हणून 'क' समरीचा, म्हणजे केस बंद करण्याचा, अहवाल कोर्टात गेला.

त्याआधीच वॉचमनला बोलावून सांगितलं, "जा बाबा, सुटलात." तो हलेना.

"साहेब, मला नेलं ते सगल्या आलीनं बघितलं. सुटलो ते कोन बघनार?"

साखरपुड्याला मी पूर्ण वर्दीत गेलो. व्याह्यांशेजारी बसलो आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की या माणसाचा त्या चोरीशी काडीचा संबंध नाही. मुलीच्या सासूने आधी माझ्याच हातावर साखर ठेवली. बाप कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता.

तेव्हापासून निर्दोष ठरलेल्या प्रत्येक माणसाला दिवसाउजेडी, चारचौघांसमोर, त्याच्या दारापर्यंत सोडायला मी स्वतः जायचो. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही. त्यापायी चहा फार झाला, पण झोप चांगली लागली.