मधातली सपाट रेघ

"आधी हात धुऊन ये. साबणानं. मग बोल."

वर्ध्याच्या कॉलेजातलं मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल. सर पूर्ण वर्गासमोर बोलले. मी धुतले. परत आली तर म्हणाले, "दाखव." बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मी, अन् बालवाडीतल्या लेकरासारखे तळहात पुढे करून उभी. मागून कोणीतरी फिसकन हसलं. लाज वाटली. सरांची नाई, माझीच. त्याचा राग मले आजही येते.

गुन्हा काय? माझा आलेख. जिवाणू वाढले की द्रव गढूळ होते. तो गढूळपणा दर पंधरा मिनिटांनी मशीनवर मोजायचा अन् रेघ काढायची. सगळ्यांची रेघ सरळ वर गेली. माझी वर गेली, मधात सपाट झाली, मग पुन्हा वर. सर म्हणाले, फ्लास्कात घाण गेली. "तुम्हां लोकांना स्वच्छतेचं वळणच नाही." पानावर लाल फुली मारली.

खरं सांगू? बाकीच्यांनी मोजलंच नव्हतं. मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले अन् कॅन्टीनमध्ये गेले. दरवर्षी हेच चालते. मले कोणी जुनी जर्नल देली नाई. हिंगणीच्या बौद्धपुऱ्यातून येणारी मी एकटीच. माझ्या टेबलावर कोणी बसे नाई, डबाही एकटीच खाऊ. म्हणून दिवसभर मशीनसमोर बसून राह्यली अन् मोजत राह्यली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तीच सपाट रेघ. लॅबमधल्या काकाजींले विचारलं, ह्या द्रवात काय टाकता? ते हळूच म्हणाले, यंदा ग्लुकोज कमी पडलं, तं सरांनीच दुधातली साखर मिसळायले लावली. "माह्यं नाव नको घेजो, बाई."

मग लायब्ररीत पुस्तक काढलं. सगळं तिथं लिहून होतं. दोन साखरा देल्या तर हा जिवाणू आधी ग्लुकोज खाते. ते असेपर्यंत दुसरी साखर फोडायचे जीन बंद ठेवते. ग्लुकोज संपलं की वाढ थांबते. त्या थांबलेल्या वेळात ते जीन चालू होतात, साखर फोडायचं एन्झाइम तयार होते, अन् वाढ पुन्हा सुरू. बाहेरून पाहणाऱ्याले वाटते, संपलं. आत काम चालूच असते. मी तिथंच लायब्ररीच्या बाकावर हसली, मग रडली. सांगायले कोणीच नव्हतं.

पुस्तक घेऊन सरांकडे गेली. त्यांनी वाचलं. त्यांले समजलं, मी पाह्यलं ना त्यांचं तोंड. पुस्तक बंद करून म्हणाले, "रेघ सरळ करून आण. जर्नलवर सही देतो."

सही नाई तर परीक्षा नाई. परीक्षा नाई तर वर्ष गेलं.

"नाई करत."

"काय?"

"मोजलेलं आहे, सर. नाई करत."

सही भेटली नाई. वर्ष गेलं. आई म्हणाली, एक रेघच तं होती, ओढून काऊन नाई टाकली? तिले काय सांगू? त्या दिवशी घरातही मी एकटीच होती.

यंदा त्याच टेबलावर आहे. बाजूचं स्टूल रिकामंच. फ्लास्कले हात लावायच्या आधी हात धुते, कारण प्रयोगाची ती रीत आहे. दाखवत कोणाले नाई. ज्याले जर्नल पाहिजे त्याले माझी देईन, लाल फुलीसकट. मोजीन तेच काढीन. सर सही देवोत, न देवोत.