दिनकर साहेबांची वाहवा

वस्तू पिशवीतून पुरती बाहेर यायच्या आतच दिनकर साहेब तिला "वा!" म्हणत. पाकीट असो, पट्टा असो, चष्म्याचं घर असो. नजर अजून भिंतीवरच्या घड्याळावर किंवा आतून येणाऱ्या पोह्यांच्या बशीवर असे, पण तोंडातून दाद निघालेली असे. "वा! याला म्हणतात हात!" समोरचा माणूस फुलून जाई. मीही फुलून गेलेलो आहे, हे आधीच कबूल करतो.

साहेब सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. बुलडाण्यात चिखली रोडच्या बाजूला त्यांचा बंगला, आणि वरच्या मजल्यावर आमचं चर्मछंद मंडळ. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमत असू. माझ्यासारखे शिक्षक, कोणी नर्स, एक वकील. हाताने चामडं कापायचं, शिवायचं, दाखवायचं. अध्यक्ष अर्थातच साहेब, कारण हत्यारं त्यांच्याकडे होती. मखमलीच्या पेटीत, उंचीप्रमाणे लावलेली परदेशी हत्यारं. कापायच्या सुऱ्या सहा, भोकं पाडायच्या टोच्या अकरा. एकदा मी एक सुरी उचलली तर बोटाला तेल लागलं, कारखान्यातून आली तेव्हाचं. मंडळाच्या चार वर्षांत साहेबांनी स्वतः काय केलं? किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचं चामड्याचं एक पान कापलं. तेही वाकडं.

मला संशय होताच, म्हणून एकदा परीक्षा घेतली. चष्मेवाल्याने चष्म्याबरोबर दिलेलं रेक्झिनचं घर, मशीनवर शिवलेलं, मी पिशवीतून काढून त्यांच्या हातात ठेवलं. साहेबांनी ते गालाजवळ नेलं. "सर, यात हाताची ऊब आहे. मशीनला हे जन्मात जमायचं नाही." मी हसू दाबलं, घरी येऊन बायकोला सांगून पोट धरून हसलो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा माझं काम दाखवायला गेलो. ते का, हे सांगायला हवं.

आम्ही मूळचे सुलतानपूरचे. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा मेलेली गुरं ओढण्याचं काम टाकून दिलं. त्यासाठी गावाचा राग सोसला, पण पुन्हा हात लावला नाही. आणि मी, त्यांचा शिकलेला नातू, हौसेनं चामडं विकत आणून घरी घेऊन बसलो. वडिलांनी एकदाच विचारलं, "तुह्या आजानं जे फेकलं, ते तू शौक म्हणून उचलून राह्यला काय बे?" त्यानंतर ते माझ्या कामाकडे बघेनात. घरात माझ्या शिवणीला कोणी बरं म्हणणारं नव्हतं. साहेब म्हणत होते. खोटं म्हणत होते, पण दर आठवड्याला म्हणत होते.

बस स्टँडासमोर गोविंदकाका बसतात. पिढीजात चांभार. मी सुचवलं की त्यांना एका रविवारी बोलवू, आपल्याला नीट शिकता येईल. साहेबांचा चेहरा आंबट झाला. "अहो सर, त्यांचं काम वेगळं, आपलं वेगळं. ते पोटासाठी करतात, ही कला आहे. आणि वर घरातून यावं लागतं... बायकांचं सोवळं-बिवळं असतं, तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत होतं. हे वाक्य ते माझ्यासमोर बोलू शकले, कारण मी इस्त्रीचा शर्ट घालून शुद्ध बोलत होतो आणि त्यांनी माझ्याकडेही माझ्या पाकिटांइतकंच पाहिलं होतं. मी तरीही त्यांचे पोहे खाल्ले.

मंडळात एक नसीम आपा होत्या. उर्दू शाळेत शिकवायच्या. त्यांचे यजमान रफिकभाई घड्याळं दुरुस्त करतात. लहानपणी पोलिओ झाल्याने डाव्या पायाला लोखंडी कॅलिपर आहे, मांडीवर आणि पिंढरीवर चामडी पट्ट्यांनी बांधलेलं. ते पट्टे जुने होऊन काचायला लागले, म्हणून आपांनी महिनाभर खपून नवे केले. एवढं मन लावून केलेलं काम आमच्या मंडळात दुसरं झालं नसेल.

त्यांनी ते रुमालातून सोडलं आणि साहेब म्हणाले, "वा आपा! नवऱ्याच्या पायात जीव भरलात!" फोटो निघाला. त्यातला एक पट्टा हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी वाकवून पाहिला. बकलाजवळ भोकं इतकी दाट पाडली होती की चामडं तिथे पोस्टाच्या तिकिटासारखं झालं होतं. अंगठ्याखाली ते ताणलं जाताना मला कळलं, हे भार घेणार नाही.

मी तोंड उघडलं होतं. पण साहेब माझ्याकडे बघून हसत होते, आपांचे डोळे भरून आले होते, आणि माझ्या पिशवीत माझी नवी बॅग दाद घ्यायला तयार होती. मंडळात कोणी कुणाला वाईट म्हणत नसे. "चूक काढायला अक्कल लागत नाही, कौतुकाला मन लागतं," हे साहेबांचं नेहमीचं. मी "छान" म्हटलं आणि पट्टा पुढे दिला.

आठवड्याच्या आत रफिकभाई दुकानाच्या पायऱ्या उतरताना पट्टा भोकांच्या रेषेत फाटला. ते खाली आले ते खुब्यावर. हाड मोडलं.

साहेब आणि मी दवाखान्यात गेलो. साहेबांनी सफरचंदं नेली होती. आपा बाहेर बाकावर बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका आपा. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने उत्तमच होतं ते."

आपा म्हणाल्या, "साहेब, ते नाही इचारत मी. तुमी पट्टा पाह्यला होता का, ते इचारून राह्यली."

"म्हणजे... पाहिला की. सगळ्यांनीच पाहिला."

"भोकं पाह्यले होते?"

साहेब सफरचंदाच्या पिशवीची गाठ सोडू लागले. मग हळूच म्हणाले, "मला त्यातलं एवढं कुठं कळतं, आपा?"

चार वर्षं, अकरा टोच्या, आणि हे. मला त्यांची किळस आली. पण आपांची नजर माझ्याकडे वळली होती.

"अन् सर, तुमाले? तुमाले तं कळते."

"मले दिसलं होतं," मी म्हणालो. का कोण जाणे, शुद्ध भाषा त्या वेळी आलीच नाही.

"मग काऊन नाही सांगतलं?"

त्या उठून आत गेल्या.

त्यानंतर मी मंडळात गेलो नाही, आणि आपाही नाही. त्या फाटके पट्टे घेऊन गोविंदकाकांकडे गेल्या, असं मला काकांनीच सांगितलं. काकांनी त्यांच्याकडून तीनदा भोकं पाडून घेतली, तिन्ही वेळा चामडं फेकून दिलं, चौथ्यांदा शिवायला दोरा दिला. रफिकभाई पुन्हा दुकानात बसू लागले, पण आता कॅलिपरबरोबर काठीही आहे.

गेल्या उन्हाळ्यात साहेब हृदयविकाराने गेले. शोकसभेला मी गेलो. वरच्याच मजल्यावर होती. वकील म्हणाले, साहेबांनी आम्हाला पंख दिले. नर्सबाई रडल्या. साहेबांच्या फोटोला हार होता आणि फोटोतही ते कुणाला तरी दाद देत असल्यासारखे दिसत होते. मागच्या खुर्चीवर नसीम आपा होत्या. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी म्हणालो, "साहेब आमच्या कामाकडे कधी पाहत नसत. आम्हाला ते ठाऊक होतं. मी तर त्या न पाहता मिळणाऱ्या वाहवेसाठीच त्यांच्याकडे येत होतो. माझ्या डोळ्यासमोर एक काम चुकलं, आणि मीही साहेबांसारखाच वागलो. त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं."

कोणीतरी खाकरलं. वकिलांनी घाईने सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

जिन्यावर आपा माझ्यापुढे उतरत होत्या. खालच्या पायरीवर थांबल्या.

"सर, हे तवा बोलाले पाह्यजे होतं."

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि फाटकाबाहेर ऑटोत बसून गेल्या.