उताणा पंख

"पंख उताणा पडला की अक्कलही उताणी पडते," असं वन्सं कायम म्हणायच्या.

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, पण जीव होता तो भावाच्या ग्लायडरात, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या बिनइंजिनाच्या छोट्या विमानात. हलक्या लाकडाचे पंख भाऊ घडवायचा आणि त्यांत सर्व्हो बसवायची बहीण. सर्व्हो म्हणजे काडेपेटीहून लहान मोटर. रिमोटची काडी हलवली की ती पंखाच्या मागच्या कडेची पट्टी वर-खाली करते. दोघं टेबलाशी बसली की दिवस कुठे मावळला ते कळायचं नाही. पोटापाण्याचं सोडून भावंडं चिमण्या पाळतात, असा टोमणा चहा ठेवता ठेवता वहिनी मारायचीच.

मग भाऊ गेला. त्याने घडवलेला शेवटचा पंख भिंतीवर तसाच राहिला, पोकळ, मुका. वर्ष सरल्यावर वहिनीनेच तो खाली काढला आणि वन्संपुढे ठेवला. एकदा तरी उडालेला बघायचाय, म्हणाली. पण दुसरा घडवणारा हात आता नव्हता. चुकलं की संपलं.

सर्व्हो खालच्या अंगाने बसतो, म्हणून वन्संनी पंख टेबलावर उताणा ठेवला. नखाने टिचक्या मारत पोकळ जागा हुडकली आणि पातं टेकवलं. लाकडाचा चौकोन कांद्याच्या पापुद्र्यासारखा अलगद सुटला. मोटरीला आधी वीज देऊन मधल्या स्थितीत आणलं, मगच तिची दांडी पट्टीला जोडली. राहिली वायर. ती पंखाच्या पोटातून न्यायची कशी? वन्संनी दोरा ओवलेली सुई आत सोडली आणि वरून लोहचुंबक फिरवलं. न दिसणारी सुई लाकडाआड खसखसत पुढे सरकली आणि दुसऱ्या टोकाला डोकावली. तिच्यामागे दोरा, दोऱ्यामागे वायर.

वहिनी पाहतच राहिली. इतकी वर्षं याच घरात हे घडत होतं, आणि आपण चहाचे कप उचलत होतो.

दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं, पंख ग्लायडरच्या धडावर चढवला आणि रिमोट जोडला. झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशा दोन्ही पट्ट्या हलल्या. नवऱ्याने घडवलेलं लाकूड हललं, आणि वहिनीने हळूच त्यावर बोट टेकवलं.

टेकडीवर वारा भरून येत होता. वहिनीने ग्लायडर डोक्यावर धरलं, मागे वन्सं रिमोट घेऊन उभ्या. फेकण्याआधी एकदा पट्ट्या बघायच्या, हा भावाचा नेम.

"वन्सं, थांबा. काडी कुठे नेलीत?"

"उजवीकडे."

"मग उजवी पट्टी खाली का गेली? वर जायला हवी ना?"

वन्संनी काडी पुन्हा उजवीकडे नेली; पट्टी पुन्हा खालीच. पंख टेबलावर उताणा होता, तेव्हा खालचं त्यांना वर दिसलं होतं. तसंच फेकलं असतं तर उजवीकडे वळवताना डावीकडे कलंडून पंखाच्या काटक्या झाल्या असत्या.

"माझीच उताणी पडली की," त्या हळूच म्हणाल्या.

"पडायचीच. टोमणे मारताना कान उघडे होते माझे, तुम्हा दोघांचं सगळं ऐकत होते."

रिमोटमधली दिशा वन्संनी उलटवली. पट्ट्या पुन्हा बघितल्या, पुन्हा एकदा बघितल्या. मग वहिनीने ग्लायडर वाऱ्यावर फेकलं.

ना इंजिन, ना आवाज. पंखाने वारा उचलला की वाऱ्याने पंख, सांगता येईना. तो वर गेला, वळला, दोघींच्या डोक्यावरून सावली टाकत पुन्हा वर गेला. वहिनीचं तोंड उघडं ते उघडंच.

शेवटी ग्लायडर खालच्या गवतात अलगद टेकलं. वन्संनी रिमोट वहिनीच्या हातात दिला आणि ते आणायला उतरणीने चालू लागल्या, गुडघ्याला हात लावत, मान वर ठेवून. वहिनी कपाळावर आडवा हात धरून बघत राहिली.