इथिओपियाला निघालेले नऊ शिक्षक

त्या गुरुवारची सकाळ अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी संगमनेरला फौजदार होतो, नोकरीला जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि स्वतंत्रपणे हाताळलेला मोठा म्हणावा असा हा माझा पहिलाच गुन्हा. त्यातली काही माणसे आजही हयात आहेत, म्हणून कोणाचे नाव घेत नाही.

त्या काळी तालुक्यातून पासपोर्टसाठी वर्षाकाठी दोन-तीन अर्ज आले तर आले. अर्जदाराच्या घरी जायचे, शेजारच्या दोन प्रतिष्ठितांचे जबाब घ्यायचे, ठाण्याचे रेकॉर्ड चाळायचे आणि 'हरकत नाही' असा अहवाल नगरला धाडायचा, एवढेच काम. त्या वर्षी मात्र दोन-अडीच महिन्यांत नऊ अर्ज आले. नऊही अर्जदार हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे, आणि सगळे निघाले होते इथिओपियाला.

मला त्यात वावगे काही वाटले नाही. तिकडच्या शाळांत आपले शिक्षक खरोखरच जात असत. उलट मीच हरखून गेलो होतो. पहिल्या अर्जदाराने शाळेतला नकाशा घरी आणून भिंतीला टांगला आणि मला अदिस अबाबा दाखवले. त्याच्या बायकोने शिरा केला. मी खुशीत अहवाल लिहून टाकला. बाकीचे आठही माझ्याच सहीने गेले. त्यातला एक तेवढा रखडला. दुष्काळी कामांवरच्या बंदोबस्तात मी अडकलो होतो आणि एका शिक्षिकेचा कागद महिनाभर माझ्या टेबलावर पडून राहिला.

एका मंगळवारी दुपारी त्याच बाई ठाण्यात आल्या. वय तिशीच्या पुढे, घरी त्या आणि आई, दोघीच. थेट माझ्या खोलीत येऊन त्यांनी इथिओपियाच्या नोकरीचा करारनामा टेबलावर ठेवला.

"साहेब, फिर्याद द्यायची की नाही, ते माझं अजून ठरत नाही. आधी हा कागद बघा. सातवं कलम."

मी वाचले. जाड कागद, वर राजमुद्रा, दोन वर्षांची नोकरी, राहायला घर, जाण्यायेण्याचे भाडे. सातव्या कलमात मला काही खटकले नाही.

"'टीच'चं भूतकाळी रूप काय, साहेब?"

"टॉट."

"इथं 'टीच्ड' छापलंय. आठवीच्या वर्गात कुणी असं लिहिलं तर मी त्याला बाकावर उभं करते. आणि हा म्हणे एका देशाच्या शिक्षण खात्याचा करार, तोही इंग्रजीच्या शिक्षकांसाठी."

"हे आजच लक्षात आलं तुमच्या?"

बाईंनी करारनामा स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी आलं होतं. छपाईची चूक असेल म्हणून सोडून दिलं. मला जायचं होतं, साहेब. दोन महिने मी ते पान पुन्हा उघडलंच नाही. काल राजीनामा लिहायला बसले आणि हात चालेना."

मग त्यांनी सगळे सांगितले. करार आणून देणारा गृहस्थ दर गुरुवारी बसस्टँडजवळच्या एका लॉजवर उतरत असे. आपण सहा वर्षे इथिओपियात शिकवले आहे, असे तो सांगायचा. इंग्रजी अस्खलित बोलायचा. त्याने फी तर घेतली होतीच, पण पदवीची मूळ प्रमाणपत्रेही घेऊन ठेवली होती. गेल्या गुरुवारी त्याने व्हिसाचे शिक्के मारलेले पासपोर्ट सगळ्यांच्या हाती दिले होते. येत्या गुरुवारी बोटीच्या तिकिटांसाठी तो ते परत नेणार होता. सात जणांनी राजीनामे देऊन टाकले होते.

व्याकरणाच्या एका चुकीवर कोणाला अटक करता येत नाही. मी बाईंचा पासपोर्ट मागून घेतला आणि पाने उलटू लागलो. दोन तारखा दिसल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. पासपोर्ट ज्या दिवशी निघाला, त्याच्या आठ दिवस आधीच त्यावर व्हिसाचा शिक्का पडला होता.

लगेच शिपाई पाठवून आणखी दोघांचे पासपोर्ट मागवले. शिक्का तोच, तारीखही तीच. तारीख ठशातच कोरलेली होती. इतरांचे पासपोर्ट त्याआधी निघाले होते, म्हणून कोणाला कळले नाही. बाईंचा अहवाल मी रखडवला, त्यांचा पासपोर्ट मागे पडला आणि तिथेच तो ठसा उघडा पडला. कामातल्या दिरंगाईचा आनंद मला आयुष्यात तेवढ्या एकदाच झाला.

फिर्याद लिहून घेतली. व्हिसा खरा आहे का, अशी मुंबईला विचारणा पाठवली, पण उत्तर यायला आठवडा गेला असता आणि गुरुवार परवावर आला होता. आमचे हवालदार निवृत्तीला आलेले, माणसे ओळखण्यात मुरलेले.

"साहेब, धरून आनू त्याला," ते म्हणाले. "पन तो म्हननार, मी नुसता मधला मानूस हाय, कागद मुंबईहून येत्यात. मंग?"

"तेच मला सुचत नाही."

"पुनतांब्याला एक सर हायेत. खरंच तिकडं आठ वर्सं शिकवून आल्यात. त्यांना बसवू की समोर."

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही लॉजवर गेलो. गृहस्थ चहा पीत बसला होता. गडबडला नाही. कोट चढवून आमच्याबरोबर शांतपणे ठाण्यात आला आणि हवालदारांनी वर्तवले होते तेच बोलला. त्याच्या चेहऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता.

मी पुणतांब्याच्या सरांना आत बोलावले. बारीक अंगाचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे गृहस्थ. "हे आमच्या ओळखीचे आहेत. तिकडची थोडी माहिती हवी आहे त्यांना," एवढेच मी लॉजवरच्या गृहस्थाला सांगितले.

सरांनी सौम्यपणे विचारले, "आपल्या शाळेत तेराव्या महिन्याचा पगार देत होते का हो?"

तो हसला. "काय गुरुजी, वर्षाला महिने बाराच असतात. तिथंही बाराच."

सर हसले नाहीत. "आणि सकाळी शाळा भरायची, तेव्हा तिथल्या घड्याळात किती वाजलेले असायचे?"

"आठ."

सर माझ्याकडे वळले. "साहेब, हे तिथं सहा दिवससुद्धा राहिलेले नाहीत. त्या देशात वर्षाला तेरा महिने असतात. शेवटचा पाच-सहा दिवसांचा. त्याचा पगार नसतो, म्हणून आम्ही मास्तर मंडळी त्यावर विनोद करायचो. आणि त्यांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. तिथं गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात हे दोन धडे शिकतो."

तो गृहस्थ पहिल्यांदाच दाराकडे बघू लागला. मी पासपोर्ट उघडून त्याच्यापुढे सरकवला. "या दोन तारखा मोठ्यानं वाचा."

पहिली त्याने वाचली. दुसरी वाचून त्याने पासपोर्ट मिटला. मग त्याने पाणी मागितले. चौकशीत माणसाने पाणी मागितले की तो अर्धा बोललेलाच असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

तो कधीकाळी मुंबईत टायपिस्ट होता. समुद्र त्याने फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता. फोटो बदलून पासपोर्ट आणि प्रमाणपत्रे विकायची, हा खरा धंदा. नऊ जणांची प्रमाणपत्रे नाशिकला एका छोट्या छापखान्यात त्याच्या साथीदाराकडे होती आणि साथीदार दुपारच्या गाडीने ती घेऊन मुंबईला जाणार होता. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

ठाण्याला जीप नव्हती. सर्कल इन्स्पेक्टरसाहेबांची मागून घेतली आणि नाशिकचा रस्ता धरला. पुढे मी आणि हवालदार, मागे दोन शिपाई. सिन्नरच्या अलीकडे इंजिन तापले. जवळच्या विहिरीचे पाणी ओतून पुन्हा निघालो. हवालदार एरवी जीपमध्ये डुलक्या घेत. त्या दिवशी दर मैलाच्या दगडाला ते आकडा मोठ्याने वाचत होते. नाशिकच्या ठाण्यात नोंद केली, पंच घेतले आणि छापखाना गाठला, तेव्हा साथीदार ट्रंकेला दोरी बांधत होता.

ट्रंकेत नऊ लिफाफे होते. खाली करारनाम्यांचे कोरे कागद आणि व्हिसाचा तो ठसा. पंचनामा मी तिथेच बसून लिहून काढला.

संध्याकाळी ठाण्याच्या ओट्यावर नऊही शिक्षक जमले होते. कोर्टाच्या हुकमाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही, पण प्रत्येकाला आपले प्रमाणपत्र बघू दिले. एक जण आपलेच नाव तीन वेळा वाचून मग खाली बसला. पुणतांब्याचे सर त्यांच्यात बसून समजावत होते. आधी मुलाखत, मग दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, मग वकिलातीत स्वतः जाऊन व्हिसा. मूळ प्रमाणपत्र दाखवायचे, द्यायचे नाही.

राजीनामे दिलेल्या सातांपैकी सहा जणांना शाळांनी परत घेतले. सातव्याला वर्षभर शिकवण्या कराव्या लागल्या. दोन्ही आरोपींना शिक्षा झाली.

पुढच्या वर्षी बाईंनी मुंबईला खरी मुलाखत दिली आणि त्यांना इथिओपियाचा खरा करार आला. त्यांनी तो तीन दिवस वाचला. नोकरी मध्येच संपवली तर परतीचे भाडे कोण देणार, हे त्यात लिहिलेले नव्हते. आई म्हणत होती, आता गप सही कर. बाईंनी सही केली नाही, पत्र लिहिले. दीड महिन्याने कलम दुरुस्त होऊन आले, तेव्हा त्यांनी सही केली. निघण्याआधी ठाण्यात येऊन त्यांनी ते कलम मला मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्याइतका आनंद मलाही झाला.

फसणारी माणसे अडाणी असतात, असे मी तोवर समजत होतो. हे नऊही जण माझ्यापेक्षा जास्त शिकलेले होते. चूक त्यांना दिसत होती. ती दिसू नये, असे त्यांना वाटत होते. पुढे नोकरीभर फसवणुकीची फिर्याद घ्यायला बसलो की मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो, "तुम्हाला पहिली शंका कधी आली?"

बहुतेक माणसे तारीख अचूक सांगतात.