पाच शब्द आणि एक पाय

समस्त ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सदर इसम, म्हणजे मी स्वतः, वय वर्षे बावन्न, मुलींच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक, एका पायावर पाच सेकंददेखील उभा राहू शकत नाही. हा शोध किकवीच्या मैदानावर, शे-दोनशे साक्षीदारांसमोर लागला.

झालं असं, उपांत्य सामन्याच्या शेवटच्या चढाईत आमच्या सगळ्यात चपळ मुलीचं डोकं समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. ती उठली, हसली, गुण घेऊन परत आली. आम्ही जिंकलो. तासाभरानं वेल्ह्याच्या संघाशी अंतिम सामना होता, आणि ही नसेल तर आमचं काय होणार हे लहान पोरालाही कळत होतं.

मैदानावरच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा मार तपासायला तिला बोलावून एका पायावर उभं केलं. पोरगी डुलली.

मी पुढे सरसावलो. "मॅडम, आत्ता खेळून आलीय ती. बाकीच्यांना उभं करा, त्याही डुलतील!"

केलं उभं. सगळा संघ वाऱ्यातल्या ज्वारीसारखा हलला. उत्साहाच्या भरात मीही एक पाय उचलला आणि चुन्याच्या रेषेवर आडवा झालो. मी तर सकाळपासून खुर्चीत होतो.

"बरोबर आहे तुमचं," बाई हसू दाबत म्हणाल्या. "दमल्यावर कुणीही डुलतं. पंधरा मिनिटं सगळ्यांना बसवा, मग पाहू." आणि त्या मुलीला लक्षात ठेवायला पाच शब्द दिले. मिरची, चप्पल, ढग, म्हैस, कंदील. नंतर विचारणार होत्या.

आता, परीक्षेला बसलेल्या मैत्रिणीला एकटं सोडायची आमच्या पोरींत पद्धत नाही. एक पाणी द्यायला गेली, दुसरी वेणी घालायला.

"म्हशीनंतर काय गं?"

"कंदील! लई सोपं हाय, परत म्हन."

मी सगळं पाहिलं, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. चषक मला हवा होता, लपवत नाही.

पंधरा मिनिटांनी बाकीच्या बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या. आमची मात्र अजून कलत होती. पण पाचही शब्द तिनं पाढ्यासारखे म्हटले. टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"छान. आता नवे पाच. विहीर, साबण, कोंबडा, दोरी, पेरू. म्हण बरं."

"मिरची, चप्पल, ढग, म्हैस, कंदील," पोरगी ठणकावून म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, फायनल झाली का?"

माझं हसू तिथंच विरलं. बाईंनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "ती खेळणार नाही."

पुढे काही आठवड्यांत ती ठणठणीत बरी झाली. पण त्या घडीला तिला भोरच्या दवाखान्यात न्यायला जीप लागली, संघ रडायला लागला, आणि गर्दीतून तिचे वडील टोपी सावरत बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"अवो डॉक्टरीणबाई, एकच पाठ करायचं आन् समद्या प्रश्नांना त्येच लिवायचं, ह्ये तर ती सहामाहीलाबी करती! तवा कुनी न्हेली व्हती का भोरला?"